गॅस गेला कुठे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलायला बोलावले की तो कवितेवर बोलणार, असे तुम्ही गृहीत धरले असेल. आज मी मोटारीच्या एसीवर बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझी गाठ दहावीला सुटली, ती सुटलीच. पण आमच्या घरच्या जुन्या अॅम्बेसेडरने मला पन्नाशीनंतर पुन्हा वर्गात बसवले आणि त्या शिकवणीची फी जरा जास्तच घेतली. ती फी तुम्हाला भरावी लागू नये, एवढ्यासाठी हे सांगतो आहे.

यवतमाळचा मे महिना तुम्हाला समजावून सांगायला नको. पारा ४४-४५च्या पुढे सरकतो, नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरात कूलर, या तीन गोष्टींवर आपला उन्हाळा निघतो. मार्च संपत आला की कूलर गच्चीवरून खाली येतो, ताट्या बदलल्या जातात, टाकीचा गंज खरवडला जातो आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ पाइप लावून टाकी भरायची. ही टाकी भरण्याची सवय लक्षात ठेवा. माझ्या चुकीचे मूळ तिथेच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, एका जिनिंग फॅक्टरीच्या शेठजींकडे ड्रायव्हर होते. शेठजींनी १९९४ मध्ये पांढरी अॅम्बेसेडर घेतली. इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि डॅशबोर्डच्या खाली टांगलेला एसी. त्या काळी आमच्या गल्लीत ती गाडी येऊन उभी राहिली की मुले बोनेटवर हात ठेवून नाही, तर काचेला गाल लावून पाहत. काच थंड लागायची. शेठजी मागे बसले की एसी सुरू, शेठजी उतरले की बंद. त्यांची मीटिंग दोन तास चालली तर अब्बा दोन तास कडुनिंबाखाली. ‘साहेब नसताना का नाही लावत?’ असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, ‘उभ्या गाडीचा एसी म्हणजे शेजारी उभ्या माणसाच्या पायावर शेक.’ मला वाटले, हा मालकाच्या पेट्रोलचा विचार आहे. अर्थ पुढे फार उशिरा कळला.

२००६ मध्ये शेठजी वारले. त्यांच्या मुलांनी नवी गाडी घेतली आणि ही गाडी अगदी नाममात्र किमतीत अब्बांना दिली. दोन-तीन वर्षांत एसी बंद पडला. कुणाला त्याची खंतही वाटली नाही. आम्हाला खिडकीतून वारा खायची सवय होतीच. पुढे २०१४च्या मे महिन्यात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला आणि अॅम्बेसेडर बाजारातून गेली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. आमची गाडी मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेत राहिली. कायद्याने ती ‘व्हिन्टेज’ही नाही, त्याला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ती नुसतीच जुनी आहे.

पण अब्बांचे वय झाले. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना नागपूरला न्यावे लागू लागले. दीडशे किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. भाड्याच्या छोट्या गाडीत त्यांचे गुडघे वळत नाहीत. अॅम्बेसेडरचा दरवाजा मोठा, सीट उंच. म्हणून २०१९च्या उन्हाळ्यात मी एसी दुरुस्त करायचे ठरवले.

दुरुस्त कसला! एका मेकॅनिकने बोनेट उघडले, दोन नळ्या लावल्या, म्हणाला, ‘गॅस संपला आहे, भरून देतो.’ अर्ध्या तासात गार हवा. मी खूश. जून लागेपर्यंत हवा साधी झाली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. २०२१ला पुन्हा भरला, २०२२ला पुन्हा भरला. कूलर पाणी पितो, तसा एसी गॅस पीत असेल. वर्षाला एक टाकी. एवढे साधे गणित मी मनाशी मांडून बसलो होतो.

२०२२च्या मे महिन्यात नागपूरहून परत येत होतो. देवळी मागे पडल्यावर अब्बा म्हणाले, ‘इंजिन ओढून राहिलं. आवाज बदलला.’ मी म्हणालो, ‘अब्बा, एसी चालू आहे, म्हणून.’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘गाडी बोलून राहिली आणि तू ऐकत नाहीस.’ मी काचा वर ठेवून चालवत राहिलो. कळंबच्या अलीकडे बोनेटखाली किंचाळल्यासारखा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला. एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता. त्याचा पट्टा तुटून पंख्याच्या पट्ट्यात गुंतला, तोही उतरला. काही क्षणांत रेडिएटरचे पाणी उकळले.

दुपारचा दीड वाजला होता. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी एक बाभूळ, तीही विरळ. गॅरेजला फोन केला, माणूस निघाला म्हणाले. पाऊण तासाने अब्बा असंबद्ध बोलू लागले. शेठजींना हाक मारू लागले. कपाळाला हात लावला तर कातडी कोरडी, तापलेल्या तव्यासारखी. घाम यायचा थांबला होता. ऊन लागल्याची ही धोक्याची खूण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शेजारच्या शेतातल्या एका बाईला ठाऊक होते. तिने विहिरीवरून घागर आणली, माझा दुपट्टा भिजवून त्यांच्या मानेला, काखेला लावला आणि पदराने वारा घालत बसली. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी ओतू नका, हेही तिनेच सांगितले. तेवढ्यात एका टेम्पोवाल्याने आम्हाला यवतमाळला आणले. दोन दिवस सलाईनवर काढून अब्बा घरी आले. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर मला काही सांगता आले नसते.

त्या पावसाळ्यात मी गाडीवर ताडपत्री टाकली. तिच्याकडे पाहवत नव्हते. विकून टाकू म्हटले तर अब्बाच म्हणाले, ‘गाडीचा कसूर नाही. तिनं सांगितलं होतं.’

हिवाळ्यात एक मुलगा भेटला. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकलेला, वय पंचविशीच्या आत. त्याला मी सगळी हकिकत सांगितली. तीनदा गॅस भरला, असे म्हणताच तो थांबला. म्हणाला, ‘सर, गाडी गॅस पीत नसते. भरलेला गॅस गेला कुठे, हे कुणी पाहिलं का?’

कुणीही पाहिले नव्हते. मीही विचारले नव्हते.

मग त्याने मला जे समजावले, ते माझ्या भाषेत सांगतो. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. कूलरचेही तेच. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी झटकन उडते आणि कूलर छान चालतो. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक देतो. एसीमध्येही एक द्रव उडतो आणि गारवा देतो. फरक एवढाच की, कूलरचे पाणी उडून जाते ते जातेच. एसीतला गॅस मात्र बंद नळीत फिरतो. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि आतली उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकतो आणि पुन्हा द्रव होतो. तोच गॅस, तोच फेरा. नळ्या धडधाकट असतील तर तो वर्षानुवर्षे टिकतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी छिद्र आहे. म्हणजे थंडी तयार होत नाही, आतली उष्णता बाहेर नेऊन टाकली जाते. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या माझ्या वडिलांना हे पुस्तकाशिवाय कळले होते.

पुढची चूक याहून मोठी होती. १९९४च्या गाडीत आर-१२ नावाचा गॅस होता, लोक त्याला फ्रीऑन म्हणतात. तो गॅस आता मिळत नाही. मेकॅनिकने त्या जागी नवा आर-१३४ए भरला. गॅस बदलला, पण आतले तेल तेच ठेवले. कॉम्प्रेसरला वंगण पोहोचते ते गॅसबरोबर वाहत येणाऱ्या तेलातून. जुने खनिज तेल आर-१२मध्ये विरघळते. आर-१३४एमध्ये विरघळत नाही. ते वाटेतच कुठेतरी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत राहतो. अब्बांना ऐकू आला होता, तो हाच आवाज.

आर-१२ का मिळत नाही, याची कथा मोठी विलक्षण आहे. १९२०च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर माणसे दगावत. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ शोधला. तो जळत नाही, विषारी नाही. १९३०च्या एका सभेत मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. दहा वर्षांत तो गारवा मोटारीत आला. पॅकार्ड कंपनीने १९४०च्या गाड्यांना एसी दिला. त्याला बंद करायचे बटण असे नव्हतेच; कॉम्प्रेसर बंद करायचा तर गाडी थांबवून, बोनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे. दोन वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. पण पुढे एसी सुधारला आणि जगभर पसरला.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितले की, हा निरुपद्रवी गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारी ती छत्री. उद्योगांनी खूप कुरकुर केली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेले भगदाड जगासमोर आले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१०पासून आपल्याकडे असे गॅस बंद झाले. १९९५चे नोबेल त्या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासह मिळाले. आता ओझोनचा थर भरून येतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज असा की, अंटार्क्टिकावरचे भगदाड २०६६च्या सुमारास भरेल, बाकी बहुतेक जगात २०४०पर्यंत. सगळ्या जगाने मिळून एक गळती शोधली आणि बुजवली, असे उदाहरण दुसरे पटकन आठवत नाही.

नवा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण तोही साधुसंत नाही. एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायॉक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणून २०१६च्या किगाली करारात तोही कमी करायचे ठरले. तीन उन्हाळे मी पैसे मोजून काय केले, तर जो मे महिना मला नको होता, त्यालाच थोडे इंधन घातले.

आता दुरुस्तीकडे येतो. त्या मुलाने पहिली गोष्ट केली ती ही की, उरलासुरला गॅस हवेत न सोडता यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतला. मग कंडेन्सर उतरवला. त्याच्या जाळीत काय निघाले असेल? कापूस! जिनिंगच्या आवारात बारा वर्षे उभी राहिलेली गाडी. रुईचा भुसा आणि धूळ यांचा गालिचा जमला होता. वारा पलीकडे जाणार कसा? त्यातून नव्या गॅसचा दाब तापलेल्या कंडेन्सरमध्ये जुन्या गॅसपेक्षा जास्त चढतो. म्हणून नवा, मोठ्या क्षमतेचा कंडेन्सर बसवला आणि पुढे एक जादा विजेचा पंखा.

मग गळती शोधली. नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरला आणि ब्रशने साबणाचे पाणी लावत गेला. सायकलचे पंक्चर शोधतात, तसेच. एक बुडबुडा कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळ, एक डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइलच्या सांध्यावर. कॉइलवर कडुनिंबाची पाने कुजून थर झाला होता. त्या दोन बुडबुड्यांपुढे मी बराच वेळ बसून राहिलो. तीन वर्षांत हे साबणाचे पाणी कुणी लावले असते, तर ती बाभूळ आमच्या वाट्याला आली नसती.

जाम झालेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत गेला होता. नळ्या धुतल्या, रबरी होज आणि सगळ्या ओ-रिंगा बदलल्या. जुन्या रबराला नवा गॅस आणि तेल मानवत नाही. नागपूरहून पाच सिलिंडरचा दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर आणला. तेल एस्टर जातीचे घातले, कारण कोपऱ्यात उरलेल्या जुन्या तेलाशी ते भांडत नाही. ड्रायर, म्हणजे आतला ओलावा शोषणारी डबी, अगदी शेवटी लावली. तिचे बूच आधी उघडले तर ती गॅरेजमधलीच ओल पिऊन बसते आणि मग आत काही शोषायला तिच्यात जागा राहत नाही.

नंतर ‘व्हॅक्यूम मारला’. पंपाने नळ्यांतली सगळी हवा काढून घ्यायची. दाब कमी झाला की पाणी साध्या तपमानालाही उकळते, वाफ होऊन पंपातून निघून जाते. ओल आत राहिली तर ती बारीक तोंडाशी गोठते किंवा गॅस-तेलाबरोबर आम्ल होऊन धातू खाते. तासभर पंप चालवला, बंद केला आणि काटा हलतो का, ते पाहत आम्ही दोघे चहा प्यालो. काटा हलला नाही. मग गॅस भरला, तोही अंदाजाने नाही, वजनकाट्यावर. जुन्या गॅसच्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच नवा लागतो. ‘जास्त भरला की जास्त गार’ हा गैरसमज. जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा घटतो आणि इंजिन ओझे ओढते.

शेवटी त्याने दरवाजांची रबरे बदलली आणि इंजिनकडून आत येणारी भोके बुजवली. ‘सर, घराला दारं नसतील तर कूलर काय करेल?’ या सगळ्याला दोन महिने लागले. खर्च तीन वेळा भरलेल्या गॅसच्या कितीतरी पट आला. पण २०२३च्या एप्रिलपासून आजवर त्यात गॅस घालावा लागलेला नाही.

पहिल्यांदा नागपूरला निघालो तेव्हा बाहेर ४३ अंश होते. जाळीपाशी तपमापक धरला तर १२ दाखवत होता. नव्या गाड्यांइतके नाही, पण पुरेसे. मी अब्बांसाठी मागचे दार उघडले, शेठजींच्या जागेचे. ते बसले, दहा मिनिटांनी म्हणाले, ‘थंडी वाजून राहिली, पुढं येतो.’ गाडी थांबवून त्यांना पुढे माझ्या शेजारी बसवले. त्यांचे कान पुन्हा इंजिनकडे लागले.

परतताना कळंब सोडले. ती बाभूळ आली, गेली. दोघेही काही बोललो नाही. पुढे यवतमाळचा चढ लागला, तसा अब्बांनी हात पुढे करून एसी बंद केला. मी यावेळी काही म्हणालो नाही. काच खाली केली. चढ संपल्यावर त्यांनी मान हलवली, ‘आता लाव. तिनं दम घेतला.’

श्रोतेहो, तुमची गाडी जुनी असो की नवी, घरातला एसी असो की फ्रिज, उन्हाळा आला की कुणीतरी म्हणेल, ‘गॅस संपला आहे, भरून देतो.’ त्याला चहा पाजा, पण भरू देण्याआधी एवढे जरूर विचारा, ‘आधीचा गेला कुठे?’